शेक, सांधा आणि पेशीतला जॉबर

धोटा

आत्याचे शेक सुरू आहेत. शेक म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणी रेडिओथेरपी म्हणत नाही, शेकच म्हणतात. पंचवीस सांगितलेत, आज सहावा झाला. सोमवार ते शुक्रवार रोज एक.

आज परत येताना रिक्षात आत्यानं विचारलं, "किरण काय नाव वाचून मारतेत का रे? गाठीला लागतेत तसे शेजारच्या चांगल्या मासालाबी लागत असतील की. मग ते कसं काय टिकतंय?"

मला उत्तर आलं नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री होऊनही. घरी येऊन वाचत बसलो. जेवढं कळलं ते असं: डीएनए हा दोन पदरी दोरा. एक पदर तुटला तर दुसरा जागेवर असतो, त्यावरून बघून भरून काढता येतं. दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटले की दोऱ्याचे सरळ दोन तुकडे होतात, आणि किरणांचा खरा मार तो. एका शेकाला साधारण २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप). एका ग्रेला एका पेशीत अशा दुहेरी तुटी ३०-४० होतात. म्हणजे आत्याच्या त्या भागातल्या प्रत्येक पेशीत रोज साठ-ऐंशी ठिकाणी दोरा तुटतो आणि चांगली पेशी त्यातले बहुतेक दुसऱ्या दिवसापर्यंत जोडून मोकळी होते.

माझी शंका पुढची आहे. आमच्या वडिलांचे चादरीचे आठ माग होते. उभा धागा तुटला की अण्णा माग थांबवायचे, मागून टोक शोधायचे, बोट ओठाला लावून ओलं करायचे, गाठ मारायची, वहीतून (उभे धागे वर-खाली करणारी), मग फणीतून ओढून घ्यायचं आणि पट्टा परत टाकायचा. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा नाही. पण तिथं अण्णा होते. पेशीत कोण आहे? तुटलं हे कुणाला कळतं, थांबा कोण म्हणतं, गाठ कशी मारायची हे कोण ठरवतं?

जाणकारांनी लिहावं. आत्याला सांगायचंय, त्यामुळे जमेल तेवढं मराठीत.

शेंगाचटणी

वाचतोय. आत्यांना लवकर आराम पडो.

पेशीवेडी

धोटा, मी मूळची बाळीवेशीतली, सध्या पुण्यात. याच विषयात पीएचडी चालू आहे (सहावं वर्ष, कृपया कधी संपणार विचारू नये). तुकड्यातुकड्यानं लिहिते.

"कुणाला कळतं" याचं उत्तर: तुटलेल्या टोकाला. टोक उघडं पडलं की काही सेकंदांत केयू नावाचं प्रथिन येऊन बसतं. त्याचा आकार कड्याचा असतो, टोकावरून बोटात अंगठी सरकवल्यासारखं आत जातं. अख्ख्या दोऱ्याला कडं घालता येत नाही, टोक असलं तरच घालता येतं. म्हणजे तूट ओळखायला डोळे लागत नाहीत, आकारच पुरतो.

त्याच सुमारास एमआरएन नावाची तीन प्रथिनांची टोळी येते आणि एटीएम नावाच्या एन्झाइमला उठवते. बँकेचं नाही. हे एटीएम एरवी जोडीजोडीनं एकमेकाला मिठी मारून झोपलेलं असतं, त्या अवस्थेत काही करू शकत नाही. तूट झाली की जोडी सुटते आणि दोघं कामाला लागतात. २००३ साली हे कळलं. काम काय, तर खुणा करायच्या. डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्यातल्या एका प्रकारच्या रिळाला (एच२एएक्स) फॉस्फेट चिकटवायचं. एकदोन रिळांना नव्हे, तुटीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा लाख अक्षरांपर्यंत. तूट एका जागी आणि बोभाटा अख्ख्या पेठेत.

या खुणा आम्हाला दिसतात. हिरवा चमकणारा रंग लावून काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की काळ्या केंद्रकात हिरवे ठिपके. १ ग्रे देऊन अर्ध्या तासानं मोजले तर एकेका केंद्रकात पंचवीस-तीस. दुसऱ्या दिवशी तीच बॅच बघा, दोन-तीन उरलेले. पहिल्यांदा मोजले तेव्हा मी गाईडला म्हटलं, बहुतेक माझा रंग उडाला. रंग उडाला नव्हता.

जॉबर_पस्तीस_वर्षे

मी शिकलेला नाही जास्त. पस्तीस वर्षं जॉबरकी केली, म्हंजे माग जुळवायचं-दुरुस्तीचं काम, अक्कलकोट रोडला. धोटाभाऊ, तुमच्या अण्णांचं खरं हाय, पण एक सुधारतो.

साध्या मागाला आडवा धागा तुटला की फोर्क पडतो न् माग आपसूक थांबतो. उभा तुटला तर थांबत नाय. माणसानं बघावं लागतंय. लक्ष नसलं तर हातभर कापड तसंच निघतंय, मधी रेघ. ऑटो मागाला मात्र एकेका उभ्या धाग्यावर एकेक पत्र्याची पिन लोंबत असती. धागा ताठ हाय तवर पिन वर. तुटला की पिन खाली, करंट लागला, माग बंद. कुणी बघायची गरज नाय. त्या ताईंनी कड्याचं सांगितलं ते मला ह्या पिनेसारखं वाटलं.

मला सांगा, पेशीचा माग खरंच थांबतो का नुसती बत्ती लागती?

पेशीवेडी

काका, पिन एकदम बरोबर. पुढच्या सेमिनारला वापरणार, नाव सांगून.

खरंच थांबतो. पेशीची पाळी अशी असते: आधी वाढ, मग डीएनएची नक्कल, मग थोडा वेळ तपासणी, मग विभाजन. एटीएमचा निरोप मिळाला की नकलेच्या आधी किंवा विभाजनाच्या आधी पाळी अडवली जाते. तुटका दोरा घेऊन पुढच्या खात्यात जायचं नाही.

अडवणाऱ्यांत पी५३ हे प्रथिन मोठं नाव. याची व्यवस्था मला फार आवडते. पेशी पी५३ सतत बनवत असते आणि सतत मोडूनही टाकत असते. बनवलेलं अर्धं अर्ध्या तासाच्या आत संपतं. शुद्ध उधळपट्टी. पण त्यामुळं तूट झाली की नव्यानं बनवत बसावं लागत नाही, फक्त मोडणं थांबवायचं, की साठा चढतो. आणि तो चढून बसतही नाही. लाटा येतात, साधारण साडेपाच तासांनी एक. २००४ साली एकेक पेशी बघत बसून हे सापडलं. नुकसान जास्त म्हणून लाट उंच होत नाही, लाटांची संख्या वाढते. जणू दर साडेपाच तासांनी कुणी येऊन विचारतंय, झालं का? नाही? बरं. आणि फारच लांबलं तर पेशीला निवृत्त करतात किंवा मारून टाकतात.

रच्याकने, आपल्याकडे पी५३ जनुकाची एक जोडी. हत्तीकडे वीस. एवढा मोठा देह, एवढ्या पेशी, तरी हत्तीत कॅन्सर कमी, त्याचं हे एक कारण मानतात.

दिवाणजी

चर्चा छान आहे, पण हे माग-माग जरा जास्त होतंय असं माझं मत. मागावर गाठ मारणाऱ्याला कापड कसं दिसायला हवं हे माहीत असतं. पेशीतल्या प्रथिनाला कसली आलीये कल्पना? ते टोकाला चिकटतं कारण त्याचा आकार तसा आहे, एवढंच. "विचारतंय", "अडवतंय" हे आपण घालतो त्यात.

दुसरं. मी थोडं वाचलं त्यात दोन पद्धती दिल्या होत्या. एक झटपट, टोकाला टोक जोडून टाका, त्यात एखाददुसरं अक्षर गळतं नाहीतर वाढतं. दुसरी सावकाश, डीएनएची दुसरी प्रत बघून जसंच्या तसं. मग बिनचूक पद्धत हाताशी असताना पेशी घाईची का वापरते? हा गाढवपणा उत्क्रांतीत टिकला कसा?

जॉबर_पस्तीस_वर्षे

दिवाणजी नाव घेतलंय म्हणून हिशोब मागणारच की बे तुम्ही :)

पेशीवेडी

दिवाणजी, पहिला मुद्दा मान्य, आणि तोच तर गंमतीचा आहे. कुणालाच कापड दिसत नाही. तरी निवड होते. कशी, ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

बिनचूक पद्धतीला नमुना लागतो, आणि चांगला नमुना म्हणजे नुकतीच काढलेली जुळी प्रत. ती फक्त नक्कल झाल्यावर ते विभाजन होईपर्यंतच असते. त्याआधी प्रत नाही. मग सारखं दिसणारं काहीतरी शोधून त्यावरून उतरवायला गेलं, तर आपल्या जनुकसंचात सारखे दिसणारे तुकडे लाखोंनी पडलेत. भलत्याच जागेवरून उतरवण्यापेक्षा एक अक्षर गळालेली गाठ परवडली. म्हणून तो गाढवपणा नाही. किरणांनी झालेल्या तुटींपैकी बहुतेक याच झटपट पद्धतीनं जुळतात. शिवाय आपल्या अँटिबॉडींची विविधता या "चुकांवर" चालते. प्रतिकारशक्तीच्या पेशी त्या जनुकांना मुद्दाम कापतात आणि सैल हातानं जोडतात. ही पद्धत जन्मतःच बिघडलेल्या बाळांना प्रतिकारशक्तीच नसते आणि किरणही सोसत नाहीत.

आता निवड. प्रथिनांचे दोन गट समोरासमोर. ५३बीपी१ म्हणतं टोकं जशीच्या तशी राहू द्या, कुणी कुरतडू नका. बीआरसीए१ म्हणतं बाजूला हो, टोक सोलायचंय. सावकाश पद्धतीत आधी एक पदर सोलून दुसरा मोकळा करावा लागतो, तो मोकळा पदर नमुना शोधत फिरतो. सोललं की परत झटपट जोडता येत नाही. म्हणून सोलायचं की नाही हाच खरा निर्णय. सोलणाऱ्या प्रथिनाला कामाची परवानगी कुणाची, तर पेशीची पाळी चालवणाऱ्या एन्झाइमची. नक्कल सुरू झाली की ते एन्झाइम चढतं आणि सोलणाऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं. त्याआधी शिक्का नाही, म्हणून सोलणं नाही.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पूर्ण पेशी कुठल्या पाळीत आहे ते ठीक, पण ह्या नेमक्या जागेची प्रत निघालीय का, हे कसं कळणार? नक्कल काही एका झटक्यात होत नाही, कित्येक तास चालते. तर, जुन्या रिळांवर एका ठरावीक जागी मिथाइलची खूण असते. नक्कल झाली की निम्मी रिळं नवी कोरी बसतात, त्यांच्यावर ती खूण अजून पडलेली नसते. ५३बीपी१ ला खूण असलेलं रीळ पकडता येतं. बीआरसीए१ च्या जोडीदाराला त्याच जागी खूण नसलेलं. रीळ जुनं तर झटपट, कोरं तर सावकाश. कोरं रीळ याचा अर्थच असा की शेजारी जुळी प्रत आहे.

जॉबर_पस्तीस_वर्षे

हे मी दोनदा वाचलं. नवं सूत न् जुनं सूत हातानं कळतंय, बघावं लागत नाय. नव्याला कांजी असती.

दिवाणजी, एक गाठ साध्या चादरीत दिसतच नाय. पण जेकार्डच्या मोराला चाळीस धागे एकदम तुटले तर? कुठला धागा वहीच्या कुठल्या डोळ्यात, फणीच्या कुठल्या घरात, शेजारच्या मागावर तोच मोर चालू असल तर बघून भरता येतंय. नसल तर रामभरोसे.

धोटा

आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे वहिफणीवालाच हाय की आत." मी हो म्हटलं. दिवाणजींची माफी मागून.

सातरस्ता

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कडकभाकरी

अवांतर आहे पण विचारतो. आमच्या काकांना ओळखीच्या एकानं "डीएनए रिपेअर"च्या कॅप्सूल दिल्यात. महिन्याचे २४०० रुपये. दुरुस्ती दुप्पट वेगानं होते म्हणे. दुरुस्ती वाढली तर चांगलंच ना? पैसे गेलेत, निदान फायदा होतोय का ते तरी कळू दे.

पेशीवेडी

त्या डबीत काय आहे मला माहीत नाही. पण "दुरुस्ती जास्त म्हणजे चांगलं" हे गृहीतक तपासू.

आपल्या ४६ गुणसूत्रांना मिळून ९२ टोकं असतात, निसर्गतःच. केयूच्या कड्याला ही टोकं आणि तुटीची टोकं सारखीच. ती जोडली गेली तर गुणसूत्रं एकमेकांना चिकटून पेशीचा बट्ट्याबोळ. म्हणून ही टोकं दुमडून, खास प्रथिनांनी झाकून ठेवलेली असतात, आणि त्यातलं एक तर एटीएमला जागं होऊच देत नाही. चादरीच्या दशा बघून कुणी "धागा तुटलाय" म्हणून गाठी मारत सुटत नाही, तसं. आणि विभाजनाच्या ऐन घाईत पेशी जोडणीचं काम चक्क बंद ठेवते. तुटीवर खूण करते, पण गाठ मारत नाही. पुढच्या पाळीत बघू. २०१४ साली काहींनी त्या वेळी जोडणी जबरदस्तीनं चालू ठेवून पाहिली, तर झाकलेली टोकंच एकमेकांना जोडली जायला लागली.

भलती टोकं जोडली गेली की काय होतं याचं नेहमीचं उदाहरण: गुणसूत्र ९ आणि २२ तुटून तुकड्यांची अदलाबदल. त्यातून एका प्रकारचा रक्ताचा कॅन्सर होतो. १९६० साली ते आखूड झालेलं गुणसूत्र पहिल्यांदा दिसलं. दोन्ही तुटी जोडल्या गेल्या होत्या बरं का, दुरुस्ती "झाली" होती.

आणि काकांना कॅन्सरचे उपचार चालू असतील तर कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अजिबात नको. कॅन्सरच्या पेशीचा डीएनएसुद्धा डीएनएच आहे.

कडकभाकरी

काकांना शुगर आहे फक्त. तरी डबी परत करायला लावतो. घेतली तर.

मृणाल_होटगी

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझ्या बहिणीच्या तपासणीत "बीआरसीए१ मध्ये दोष" आला. रिपोर्ट हातात दिला आणि पुढचा पेशंट आत. आम्ही घरी येऊन तो कागद कपाटात ठेवला, कुणाला सांगितलं नाही, तिच्या सासरी तर नाहीच. वर तुम्ही बीआरसीए१ चं जे लिहिलंय ते तेच का? म्हणजे ते जनुक असणं वाईट की नसणं?

पेशीवेडी

मृणालताई, तेच, ते प्रथिन बनवणारं जनुक. आणि ते जनुक असणं चांगलं, सगळ्यांना असतं. बातम्यांत "बीआरसीए जनुक आहे" असं छापतात त्यानं हा घोटाळा होतो. बहिणीच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे. दुसरीवर सगळं शरीर व्यवस्थित चाललंय. एखाद्या पेशीत ती दुसरीही गेली तर त्या पेशीची बिनचूक पद्धत बंद पडते, सगळं झटपट गाठींवर. तिथून चुका साठत जातात. धोका वाढतो तो असा, आणि मुख्यतः स्तन आणि अंडाशयात. वाढलेला धोका म्हणजे आजार नव्हे.

हा दोष वडिलांकडूनही येऊ शकतो, भावाकडेही असू शकतो. म्हणून कपाटातून कागद काढा आणि अनुवंशिक समुपदेशन करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. तपासण्या किती दिवसांनी, काय पर्याय, हे ते नीट बसून सांगतात. तुम्हीही स्वतःची तपासणी करायची का ते विचारा.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. हाच दोष औषधाला वाट देतो. पार्प नावाचं एन्झाइम एकेरी तुटी भरण्यात मदत करतं. त्याला औषधानं जखडलं की एकेरी तुटी राहतात आणि नकलेच्या वेळी त्यांच्या दुहेरी होतात. चांगली पेशी त्या जुळ्या प्रतीवरून भरून काढते. जिची बिनचूक पद्धत आधीच गेलीय ती कॅन्सरपेशी मरते. २००५ साली प्रयोगशाळेत दाखवलं, २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं. पुढं कॅन्सरपेशीही पळवाट काढतात. काही जणी ५३बीपी१ सोडून देतात. बीआरसीए१ नसलं तरी विरोध करणाराच गेला, की सोलणं परत सुरू! औषध मग लागू पडत नाही. दिवाणजी, डोळे नसलेल्या प्रथिनांची ही रस्सीखेच.

दिवाणजी

हात जोडले. माझ्या पहिल्या प्रतिसादातला "गाढवपणा" मागे घेतो. मृणालताई, पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी जा.

मृणाल_होटगी

धन्यवाद. आज बहिणीला फोन केला. बराच वेळ बोललो.

धोटा

एक अडचण आलीय, डॉक्टर कुणी असतील तर सांगा. परवा १४ तारीख, सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा. आत्या लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष चुकली नाही. त्या दिवशीचा शेक दुपारी आहे. ती म्हणते एक दिवस राहिला तर काय होतंय, तूच म्हणालास पेशी विश्रांतीत दुरुस्त होतेत, तेवढी जास्त विश्रांती! माझंच वाक्य माझ्यावर उलटलंय. आणि शनिवार-रविवार सुट्टी असतेच की, तेव्हा काही होत नाही, मग संक्रांतीला का होतंय, हेही तिचंच.

गाऊन_आणि_मास्क

मी याच खात्यात काम करतो, सोलापुरात नाही. आत्याबाईंचं निम्मं बरोबर. चांगल्या पेशींची बरीचशी जोडणी सहा तासांत उरकते. म्हणूनच कुणाला दिवसातून दोनदा द्यायचं असेल तेव्हा मध्ये किमान सहा तास सोडतात. एका दिवसाचं अंतर त्यांना पुरतं. त्याहून जास्त विश्रांतीनं त्यांना फार काही मिळत नाही, मिळतं ते गाठीतल्या उरलेल्या पेशींना. त्यांची दुरुस्ती आणि थांबणं बहुधा आधीच बिघडलेलं असतं, त्या तुटक्या दोऱ्यासकट विभाजनाला जातात आणि तिथं मरतात. आपल्याला तेच हवंय. पण ज्या वाचतात त्या मोकळ्या दिवसांत वाढतात. शनिवार-रविवारची सुट्टी खात्याची आणि मशीनची सोय आहे, पेशींची नव्हे. पंचवीसचा हिशोब ती धरूनच केलेला असतो.

तेव्हा आपल्या मनानं चुकवू नका. पण विचारा जरूर. वेळ पुढंमागं करून देतात, आम्ही सणासुदीला नेहमी करतो. सुट्टीमुळं एखादा राहिलाच तर तो कसा भरून काढायचा तेही तेच ठरवतील.

जॉबर_पस्तीस_वर्षे

आत्यांना सांगा, अक्षता पडतेत त्या संमती कट्ट्यावर गर्दी लई असती. शेक घेतलेल्या बाजूला धक्का लागू देऊ नका. मी दरवर्षी मागच्या बाजूला उभारतो, तिथं पोरं कमी. या तिकडंच.

धोटा

सकाळी आठची वेळ दिली. टेक्निशियन ताईंनी स्वतःच विचारलं, अक्षतेला जायचंय का. त्या दिवशीच्या सकाळच्या यादीत आधीच तिघी होत्या.

शेक घेऊन थेट निघालो. नंदीध्वजांच्या सातही काठ्या आल्या, अक्षता पडल्या. आत्याचा उजवा हात अजून पूर्ण वर जात नाही, डाव्यानं टाकल्या. जॉबरकाका भेटले, शेंगाच्या चटणीची पुडी घेऊन आले होते. आत्यानं त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा: पिनवाल्या मागाला पिनच खराब झाली तर?

काका म्हणाले, "मग माग थांबतच नाय." आणि दोघं पेंडीच्या भावावर बोलायला लागले.